डिस्क मधूनच गायब होते: दोष डिस्कचा, केबलचा की कंट्रोलरचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. ऐरोलीला घरी सहा वर्षं जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, विंडोज एसएसडीवर आणि डेटाला वेगळी २ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यात घरचे सगळे फोटो, वडिलांचे व्हिडिओ आणि तुमच्या क्लासच्या नोट्स. गेले तीन आठवडे ती डिस्क मधूनच गायब होतेय. कॉपी करताना अडकते, पीसी मिनिटभर गोठतो आणि मग माय कॉम्प्युटरमध्ये डिस्क दिसतच नाही. रिस्टार्ट करून येत नाही, पूर्ण बंद करून चालू केलं की येते. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पिवळं कॉशन दाखवतंय, ०५ ला शून्य, सी५ ला १८ आणि सी७ ला ४६ए. एक दुकानदार म्हणतो मदरबोर्डचा साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारी बोर्डावरची चिप गेलीय, बोर्ड बदला. दुसरा म्हणतो डिस्क मेली. आणि तुम्ही विचारताय की चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, मारून बघू का.

चेकडिस्क मारू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं ऐका.

ठाण्यात नौपाड्यात मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात कळव्याचे एक काका डिस्क घेऊन आले होते, मुलीच्या लग्नाचे फोटो होते, फोल्डर उघडायला वेळ लागतो एवढीच तक्रार. मी रात्री चेकडिस्क लावून घरी गेलो, रिपेअरच्या ऑप्शनसकट. सकाळी शटर उघडलं तर आतून टक टक टक असा आवाज, डिस्क बायॉसमध्येसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत जे फोटो नुसते हळू उघडत होते ते रात्रीत गेले, कारण चेकडिस्क खराब जागेवर पुन्हा पुन्हा हेड नेऊन वाचायला बघतं, वर फाइल सिस्टिममध्ये स्वतःच्या मनाने बदल लिहितं. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. त्या काकांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. तेव्हापासून माझा नियम एकच, संशय कुणावरही असो, पहिल्यांदा डेटा दुसरीकडे उतरवायचा आणि मगच दोष शोधायचा.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात दाखवतं, म्हणून तुम्हाला ४६ए असं अक्षर दिसलं. फंक्शन मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे दहाचा पाया निवडा. हिशोब करून सांगतो, सी५ चे १८ म्हणजे खरे २४ आणि सी७ चे ४६ए म्हणजे ११३०.

सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर, डिस्कला जे वाचता आले नाहीत पण अजून निकालात काढलेले नाहीत असे. ०५ म्हणजे जे बाद करून राखीव जागेतले बदली सेक्टर दिले ते. सी७ चा डिस्कच्या तबकडीशी काही संबंध नाही, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाताना डेटा बिघडला, बेरीज जुळली नाही, म्हणून परत पाठवावा लागला, त्याची ती मोजणी. ११३० वेळा वाटेत बिघडलाय म्हणजे वाट खराब आहे किंवा कधीतरी होती. कधीतरी असं म्हणतोय कारण हा आकडा कधीच कमी होत नाही, केबल बदलली तरी ११३० तसाच राहणार. तो वाढतोय का हे बघायचं. हा आकडा लिहून ठेवा, केबल बदला, डेटा उतरवून झाला की परत बघा.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या खुणा एकाच वेळी दिसतायत, म्हणूनच दोन दुकानदारांनी दोन उत्तरं दिली, आणि दोघेही अर्धंच बघत होते असं मला वाटतं.

कंट्रोलर गेला हे निदान कुठून येतं तेही सांगतो, कारण महिन्याला दोन-तीन माणसं हेच वाक्य घेऊन येतात. इव्हेंट व्ह्यूअर उघडला की सिस्टिम लॉगमध्ये ११ नंबरची एंट्री सापडते, त्यात सरळ लिहिलेलं असतं की ड्रायव्हरला कंट्रोलर एरर आढळली. झालं, बोर्डावर शिक्का. पण विंडोजच्या बाजूने बघा, त्याने कंट्रोलरमार्फत डिस्कला काहीतरी विचारलं आणि उत्तर चुकीचं आलं किंवा आलंच नाही, एवढंच त्याला माहीत असतं. ते डिस्कमुळे, केबलमुळे की चिपमुळे हे त्या एंट्रीवरून ठरत नाही. १२९ दिसली तर विंडोजने वाट बघून कंटाळून रीसेट पाठवला, १५३ म्हणजे तेच काम परत करून बघावं लागलं. ७ नंबर मात्र डिस्कने स्वतः सांगितलेली गोष्ट, हा ब्लॉक खराब आहे. तुमच्या लॉगमध्ये ७ आहे का ते बघा, असेल तर डिस्कवरचा संशय पक्का होत जातो.

आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, रिस्टार्टने येत नाही, पूर्ण बंद केल्यावर येते. रिस्टार्ट केल्यावर मदरबोर्डचा कंट्रोलर नव्याने सुरू होतो, पण डिस्कची पॉवर जात नाही, ती फिरतच असते. कंट्रोलर अडकला असता तर बहुतेक वेळा रिस्टार्टने सुटला असता. इथे पॉवर तोडल्याशिवाय डिस्क शुद्धीवर येत नाही म्हणजे अडकतेय ती डिस्कच. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर आली की हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कितीतरी सेकंद, तोवर विंडोजचा धीर सुटतो, ते रीसेट पाठवतं, डिस्क त्यालाही उत्तर देत नाही, मग विंडोज तिला गेली असं समजून यादीतून काढून टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला हुबेहूब कंट्रोलर मेल्यासारखं दिसतं. नास, म्हणजे नेटवर्कवरचा साठवणीचा डबा, आणि सर्व्हर यांच्या डिस्कमध्ये हा हट्ट साधारण ७ सेकंदांवर तोडलेला असतो, म्हणून त्या अशा गोठत नाहीत.

तरी मी लगेच डिस्क मेली असंही म्हणणार नाही, कारण तिसरा एक गुन्हेगार आहे ज्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही, तो म्हणजे एसएमपीएस, पीसीला वीज पुरवणारा डबा. सेक्टर लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर तो सेक्टर अर्धवट लिहिला जातो, पुढच्या वेळी वाचताना बेरीज जुळत नाही आणि तो पेंडिंगमध्ये जाऊन बसतो. तिथली तबकडी धडधाकट असते, फक्त मजकूर खराब असतो. तुमचं ०५ अजून शून्य आहे, त्यामुळे ही शक्यता जिवंत आहे.

गेल्या पावसाळ्यात घणसोलीहून असाच एक पीसी आला होता. दोन ठिकाणी डिस्क बाद ठरवलेली. मी साइड पॅनल काढलं तर डिस्कला पॉवर थेट येत नव्हती, चार पिनच्या जुन्या मोलेक्समधून कन्व्हर्टर लावून साटा केलेली होती, तो स्वस्तातला, ज्याच्या टोकाला तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात. काढताना तो हाताला चिकट लागला. उजेडात धरला तर पिवळ्या तारेच्या बाजूचं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, नाकाशी नेल्यावर जळका वास. मल्टिमीटर लावला, डिस्क नुसती फिरताना ११.६ व्होल्ट आणि कॉपी सुरू केली की ११.१. कन्व्हर्टर काढून एसएमपीएसची सरळ साटा वायर लावली, डिस्क अजून त्यांच्याकडे चालतेय. हे ओतीव कन्व्हर्टर आत शॉर्ट होऊन पेटलेले आहेत, तुमच्या कॅबिनेटमध्ये असेल तर आजच काढा.

तर आता करायचं काय ते क्रमाने.

पीसी बंद करा, मागचं बटण बंद, प्लग काढा. साइड पॅनल उघडून साटा केबल बघा. पॅनल लावताना ती दाबून चपटी झालेली असते, किंवा कनेक्टरच्या आतली एल आकाराची जीभ तडकलेली असते, किंवा नुसती सैल असते. या कनेक्टरांची रचनाच मुळी पन्नासेक वेळा काढघाल धरून केलेली आहे, ते काही रोज काढायचं काम नाही. नवी केबल आणा, शक्यतो क्लिपवाली, आणि ती बोर्डावर दुसऱ्या पोर्टला लावा. पॉवरसाठी सुद्धा त्याच लडीतला वेगळा कनेक्टर किंवा शक्य असेल तर वेगळी लड. एरवी मी एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणून सांगतो, नाहीतर दोष कुठला ते कळत नाही, पण आत्ता दोष शोधायचा नाहीये, डेटा काढायचाय, तेव्हा तिन्ही एकदम बदला.

मग नवीन डिस्क घ्या, २ टीबीपेक्षा मोठी, ४ घेतली तर उत्तम. शेजारच्या दुकानातून घ्या किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणा, पण बिल आणि वॉरंटीसकट घ्या. जुनी वापरलेली डिस्क स्वस्त मिळते म्हणून या कामाला घेऊ नका.

कॉपी विंडोजमधून करू नका असं माझं मत आहे. विंडोज चालू झाल्या झाल्या त्या डिस्कला हात लावतं, थंबनेल बनवतं, इंडेक्सिंग करतं, अँटिव्हायरस फिरतो, आणि प्रत्येक वेळी खराब जागेवर हेड जाऊन बसतं. सिस्टमरेस्क्यू नावाचं फुकट लिनक्स आहे ते पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि त्यातलं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांवर परत येतं. साधी कॉपी पहिल्याच अडथळ्याला थांबते, मधले तासन्‌तास तिथेच डोकं आपटते आणि तेवढ्यात डिस्क मेली तर पुढचा चांगला भागही गेला. डीडीरेस्क्यूला मॅप फाइल द्यायला विसरू नका, ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे मध्येच डिस्क गायब झाली, लाइट गेली, तरी पीसी बंद करून चालू करायचा आणि जिथे थांबलं तिथून पुढे. पहिल्या फेरीत खरवडणं, म्हणजे अडलेल्या जागा तुकड्या-तुकड्याने वाचत बसणं, बंद ठेवा. २ टीबीची धडधाकट डिस्क असेल तर पाचेक तासात होतं, तुमची मधेमधे अडतेय म्हणजे रात्र जाईल, कदाचित दोन. डिस्कवर बाहेरून छोटा पंखा सोडा.

एकच गोष्ट जीव मुठीत धरून करायची, कुठून कुठे हे उलटं व्हायला नको. उलटं झालं तर नवी कोरी डिस्क जुन्या फोटोंवर लिहिली जाईल. नावावर विसंबू नका, दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे सिरियल नंबर कागदावर लिहा आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरशी जुळवा, मग एंटर दाबा. हे जमणार नाही असं वाटत असेल तर लाजू नका, लिनक्स वापरणारा एखादा भाचा-पुतण्या बसवा बाजूला, किंवा आणा माझ्याकडे.

मध्ये कुठेही विंडोजने विचारलं की ड्राइव्ह फॉरमॅट करायची आहे का, इनिशियलाइझ करायची आहे का, स्कॅन अँड फिक्स करू का, उत्तर कायम नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगेल, अजिबात करू नका, आपल्याकडच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की आतल्या तबकडीवर पाणी धरतं, आणि हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्याला एक थेंब म्हणजे भिंत आहे.

आणि आवाज ऐका. डिस्क चालू होताना बोटांची टोकं तिच्यावर ठेवा, आधी फिरायला लागल्याची हलकी थरथर, मग हेड उतरल्याची एक खर्र, मग शांत, हे चांगलं लक्षण. एकच टक आणि परत फिरायला सुरुवात असं होत असेल तर आधी पॉवर तपासा, १२ व्होल्ट पडले की डिस्क हेड मागे घेते तेव्हा तसाच आवाज येतो. पण एका लयीत टक, टक, टक आणि मग थांबली, तर हेड गेलेत. तिथे थांबा. पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरा, प्रत्येक वेळी तबकडी खरवडली जाण्याची शक्यता आहे. मग ते काम क्लीन रूमवाल्या, म्हणजे धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी लॅबचं, खर्चिक आहे, दोन ठिकाणी आकडा विचारा, पण दुकानात डिस्क उघडू देऊ नका. माझ्याही नाही.

डेटा हातात आला, दोन-चार फोल्डर उघडून व्हिडिओ खरंच चालतात हे बघितलं, की मग निवांत दोष शोधू.

मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, एसएमपीएसच्या रिकाम्या मोलेक्समध्ये काळ्या तारेवर काळा प्रोब, पिवळीवर लाल. डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असताना ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवं, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. बाहेर जात असेल तर एसएमपीएस बदला. तो उघडू मात्र नका, आत कपॅसिटर भरलेला असतो.

व्होल्टेज ठीक निघालं तर जुनी डिस्क बाहेर काढून वेगळ्या १२ व्होल्ट ॲडॉप्टरवाल्या यूएसबी डॉकमध्ये लावा. इथे एका झटक्यात केबल, पॉवर आणि कंट्रोलर तिन्ही बदलले. तरीही अडली तर डिस्कच, वाद संपला. डॉकवर सुरळीत चालली तर दोष पीसीत.

बोर्डाचा कंट्रोलर खरंच जातो का? जातो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०११ चं, इंटेलच्या ६ सिरीज चिपसेटमध्ये, पी६७ आणि एच६७ मध्ये, एका ट्रान्झिस्टरच्या चुकीमुळे ३ गिगाबिटचे चार साटा पोर्ट वापरून वापरून कमजोर होत जायचे, ६ गिगाबिटचे दोन पोर्ट मात्र ठीक. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतः जाहीर करून चिप परत मागवल्या. तेव्हा बदलून न घेतलेले बोर्ड अजून कुठेकुठे चालू असतात, अशा बोर्डावर डिस्क पहिल्या दोन पोर्टांना लावली की दुखणं जातं. तुमचा बोर्ड त्यानंतरचा आहे. कंट्रोलर गेल्याची खूण अशी, की त्या पोर्टला कुठलीही डिस्क लावा, कुठलीही केबल लावा, तीच अडचण येते, किंवा दोन डिस्क एकदमच गायब होतात. तुमची एसएसडी त्याच साटा कंट्रोलरवर असेल आणि ती कधी अडली नसेल तर कंट्रोलर निर्दोष असण्याची शक्यता खूप आहे. पण एसएसडी च्युइंगगमसारखी चपटी, बोर्डावर स्क्रूने बसवलेली एनव्हीएमई असेल तर ती साटावर नाहीच, मग तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. कित्येक बोर्डांवर ती एम डॉट टूची जागा वापरली की एखादा साटा पोर्ट बंदच होतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, डिस्क चुकून त्या पोर्टला लावू नका.

आणि कंट्रोलरच निघाला तरी बोर्ड बदलू नका. पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या खाचेत बसणारं दोन पोर्टांचं साटा कार्ड मिळतं, बोर्डाच्या किमतीच्या मानाने काहीच नाही. ते लावा, डिस्क त्याच्यावर. सहा वर्षं जुना बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर जुळणारा, रॅम जुळणारी, म्हणजे अख्खा पीसी झाला, त्या दुकानदाराने हा हिशोब तुम्हाला सांगायला हवा होता.

राहिली जुनी डिस्क. डेटा निघाल्यावर तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य लिहा, मग सी५ आणि ०५ बघा. सी५ शून्यावर आलं आणि ०५ हललं नाही तर ती पॉवरची जखम होती, डिस्क दुय्यम कामाला ठेवता येईल. ०५ चढलं तर तबकडीच खराब होतेय. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात पहिली स्कॅन एरर आल्यानंतर ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्क स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतः ठेवते त्या याच आकड्यांत, तापमान सोडून कुठलीही खूण न दाखवता गेलेल्या, म्हणजे निळं गुड दिसतंय म्हणून निर्धास्त राहायला जागा नाही. नव्या डिस्कवर फोटो आले की त्यांची अजून एक प्रत वेगळ्या डिस्कवर करा आणि ती डिस्क कपाटात ठेवा, वडिलांचे व्हिडिओ तर नक्की.

केबल बदलून झाली की सी५, सी७ आणि इव्हेंट व्ह्यूअरमधले नंबर लिहून पाठवा, एसएसडी कुठल्या प्रकारची तेही लिहा. आज रात्री मात्र पीसी बंदच राहू द्या.